धरमतरच्या काठची चिकटवही

अंबा नदी नागोठण्याच्या खाली भरतीचे पाणी पोटात घेत घेत ज्या रुंद खाडीचे रूप धारण करते, त्या खाडीवरील धरमतर बंदराचे नाव एके काळी मुंबईत चाकरीस असलेल्या कुलाबा जिल्ह्यातील माणसांच्या तोंडी नित्य असे; कारण खाडीवर पूल होऊन मोटाररस्ता सलग होण्यापूर्वी, मुंबईच्या धक्क्यावरून आगबोटीने धरमतरास उतरावे आणि तेथून पेणचा किंवा महाडचा रस्ता धरावा, असा प्रवासाचा शिरस्ता होता. १९८१ साली जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले, आगबोटींची जागा मोटारींनी आणि मालाच्या गाड्यांनी घेतली, डोलवी-गडब परिसरात पोलादाचा कारखाना उभा राहिला. परंतु गणपतीत आणि दिवाळीत घराकडे येण्याची ओढ जशीच्या तशी राहिली, आणि या सुट्ट्यांच्या निमित्ताने घरोघरी जे कागदकाम निघते, त्याचाही हंगाम चुकला नाही. श्रावणात भिंतीवर लावायची जिवती, भाद्रपदातील मखर, आश्विनातील आकाशकंदील, पौषातील हलव्याच्या दागिन्यांखालचा पुठ्ठा आणि सोनेरी कागद, अशी ही कागदाची वार्षिक जमाबंदी आहे. ती एका चिकटवहीत उतरवून ठेवावी, आणि हे काम मुलांच्या हातून व्हावे, एवढेच मला या लेखात आग्रहाने सांगावयाचे आहे.

चिकटवही हा प्रकार परका आहे असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. वेगवेगळ्या चितारांची चित्रे आणि खुशनविसांचे लेख एकत्र डकवून, त्यांभोवती नक्षीदार हाशिये आखून जे ग्रंथ मोगल बादशहांच्या कुतुबखान्यात तयार होत, ते मुरक्के म्हणजे राजेशाही थाटाच्या चिकटवह्याच होत. युरोपात एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछाप स्वस्त झाला आणि फुले, पक्षी, नाताळची चित्रे कडेने कापून विकली जाऊ लागली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतील मुली ती वहीत चिकटवू लागल्या. आणि अमेरिकी लेखक मार्क ट्वेन याने तर पानांना आधीच गोंद लावून ठेवलेल्या, केवळ पाणी लावून वापरता येणाऱ्या चिकटवहीचे पेटंट १८७३ साली मिळविले. आज दुकानांत ‘संच’ म्हणून जे मिळते, त्याचा हा मूळपुरुष समजण्यास हरकत नाही; करणाऱ्याचा एक त्रास विक्रेत्याने आधीच उरकून ठेवलेला असावा, ही त्यामागची कल्पना.

महाराष्ट्रात हीच घटना आपल्या रीतीने घडली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या घरात पोहोचविली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती दिवाणखान्यांतून व माजघरांतून लागल्या. ही चित्रे घरी आल्यावर तशीच चौकटीत जात असत असे मात्र नाही. कित्येक घरांतील स्त्रियांनी लक्ष्मीच्या छापील शालूवर खऱ्या जरीचे काठ लावले, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसविले, पदरावर कापड डकविले. अशी सजविलेली चित्रे आज संग्राहक मोठ्या आस्थेने जपतात, आणि ते योग्यच आहे. कारण छापखान्याने हजारोंच्या संख्येने काढलेल्या एका चित्राला त्या घरातील बाईने आपल्या हाताने एकमेव केले. मला चांगल्या चिकटवहीचे मर्म येथे दिसते. बाहेरून आलेल्या तयार वस्तूवर करणाऱ्याचा हात उमटला पाहिजे.

जिवतीचा कागद तर अजूनही पेणच्या बाजारात आषाढाच्या अखेरीस विकावयास येतो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका आणि हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, अशा चार चौकटींचा हा साधा छापील कागद श्रावणभर भिंतीवर राहतो, शुक्रवारी त्याची पूजा होते, आणि महिना सरला की तो निघतो. दरसालचा जिवतीचा कागद जर एका कुटुंबाने वहीत लावून ठेवला, तर दहा वर्षांत छपाईचे रंग कसे बदलले, रेषा कशा बदलल्या, आणि देवतांचे चेहरे कोणत्या काळच्या रुचीला धरून बदलले, याचा आयता दाखला त्या घरात तयार होईल. पूजेतला कागद वहीत लावणे ज्यांना रुचत नसेल, त्यांनी त्याच छापाचा दुसरा कागद घ्यावा. त्यास फारसे पैसे पडत नाहीत.

पेणचे नाव निघाले की गणपती आलाच. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे यांसारख्या गावांत वर्षाचे बारा महिने मूर्तींचे काम चालते; परदेशी जाणाऱ्या मूर्ती कित्येक महिने आधी जहाजावर चढतात, आणि श्रावण लागला म्हणजे उरलेल्या मूर्तींच्या रांगांवर रंगाचा शेवटचा हात आणि डोळ्यांची आखणी चालू असते. ही आखणी पाहण्यास मुलांना अवश्य न्यावे. कारागीर पातळ कुंचल्याने भुवईची रेघ एका दमात ओढतो, मग बुबुळ, मग बुबुळातला पांढरा ठिपका. आणि तो ठिपका पडेपर्यंत जी मूर्ती केवळ मातीची वाटत होती, ती त्या क्षणापासून आपल्याकडे पाहू लागते. मुलाने हे पाहून घरी येऊन वहीच्या एका पानावर डोळा काढावा, एकदा साधेल, चारदा फसेल, आणि फसलेलेही डोळे पानावर राहू द्यावेत. अशा एका पानाची किंमत, गणपतीची चकचकीत छापील चिकटचित्रे ओळीने लावलेल्या दहा पानांहून मी अधिक मानतो.

मखराची गोष्ट थोडी निराळी. मध्यंतरीच्या काही दशकांत थर्मोकोलने कागदी मखराला जवळजवळ हद्दपार केले होते; गरम तारेने झरझर कापता येणारा, पांढराशुभ्र, हलका असा तो पदार्थ विसर्जनानंतर खाडीत आणि कांदळवनात वर्षानुवर्षे अडकून राही. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, आणि कागद व पुठ्ठा यांना पुन्हा मान मिळाला. नानासाहेब शेंडकर यांच्यासारख्या कलावंताने त्याही आधीपासून घडी करून ठेवता येणारी पुठ्ठ्याची मखरे रचून लोकांपुढे मांडली होती. खाचेत खाच अडकवून मंडप उभा करावा, उत्सव संपला की उलगडून सपाट करावा आणि पुढील वर्षासाठी माळ्यावर ठेवावा, अशी ती योजना. संच या शब्दाला साजेसा संच तो हाच: त्यात मोजमाप रचनाकाराचे आहे, पण उभारणी घरच्यांची आहे, आणि ती करताना कमान भार कशी पेलते हे मुलाच्या बोटांना कळते.

तरीही कागदकामाचा राजा कोण असे कोणी विचारले, तर मी कामट्यांचा आकाशकंदील म्हणेन, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची वाचकांनी मुभा द्यावी. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घ्याव्यात. चार-चार कामट्या कोपऱ्यांत दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. आणि मग एका चौकोनाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याशी बांधीत जावे. बारा ठिकाणी कोपऱ्यास कोपरा भिडला, म्हणजे सहा चौकोनांच्या मधून आठ त्रिकोण आपोआप प्रकट होतात. त्यांच्यासाठी एकही वेगळी कामटी लागत नाही. मुलाला या क्षणी जो अचंबा वाटतो, तो भूमितीच्या पुस्तकाने क्वचितच वाटतो. ही आकृती आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेरा घनाकृतींपैकी एक आहे, ही माहिती त्याला मागाहून सांगितली तरी चालेल.

पुढचा चमत्कार याहून मोठा आहे. बांधून झालेला हा सांगाडा हातात घेऊन वरून हलकेच दाबला, तर तो पिळवटत खाली बसू लागतो, कारण चौकोनाच्या अंगी स्वतःचा आकार धरून ठेवण्याचे बळ नसते. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकाराने याच आकृतीचे असे मिटणे-उमलणे जगाला प्रयोगरूपाने दाखविले. परंतु त्याच सांगाड्यावर पतंगी कागद डकवावा आणि वाळू द्यावा, की तो ताठ उभा राहतो. ओला झालेला कागद किंचित फुगतो, वाळताना आवळतो, आणि प्रत्येक चौकोनाला दोन्ही कर्णांच्या दिशेने ताणून धरतो. म्हणजे ज्या कागदाला आपण केवळ शोभेचा समजतो, तोच त्या घराची भिंत होऊन बसतो. खळ मात्र कामटीला लावावी, कागदाला नव्हे. पतंगी कागदाचा रंग पाण्याने सुटतो आणि पिवळ्यावर तांबडा ओघळला की सगळी मेहनत वाया जाते. कामटीची सालीची बाजू बाहेर ठेवावी, वरचा चौकोन दिव्यासाठी मोकळा सोडावा, कडांवर दातेरी कातरलेली सोनेरी पट्टी आणि कागदाच्या करंज्या लावाव्यात, आणि खालच्या कोपऱ्यांतून झिरमिळ्या सोडाव्यात. आता आत विजेचा लहान दिवा असतो, तो फारसा तापत नाही, त्यामुळे कंदील पेटण्याची जुनी धास्तीही उरलेली नाही.

या कंदिलाचे संच अलीकडे दिवाळीपूर्वी दुकानांत येतात, आणि त्यांच्यात दोन जाती स्पष्ट दिसतात. एकात मोजून कापलेल्या कामट्या, दोऱ्याचे रीळ, कागदाचे ताव आणि कृतीचा एक कागद असतो. बांधणे, कापणे, डकवणे हे सारे मुलाच्या वाट्याला उरते. दुसऱ्यात सगळे तुकडे यंत्राने कातरलेले, पाठीमागे गोंद लावलेले, आकडे टाकलेले असतात. मुलाने आकड्यावर आकडा ठेवून दाबायचे, की पाऊण तासात चित्रावरहुकूम वस्तू तयार. पहिल्या जातीचा संच अवश्य घ्यावा. दुसऱ्या जातीच्या संचाने मुलाच्या हातून वस्तू होते, पण मुलाच्या हाताला काही होत नाही, आणि ज्या संचातून निघालेल्या शंभर वस्तू एकमेकींसारख्या असतात, त्या वहीत जपून ठेवण्याचे प्रयोजनही उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा प्रश्न येथे प्रामाणिकपणे लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने तेथे मराठी शाळा चालतात. तेथील मुलाला ऑक्टोबरच्या थंडीत बुरुडाच्या घरची कामटी कोठून मिळणार? त्याच्यापर्यंत कंदील पोहोचायचा तो संचाच्या रूपानेच, आणि म्हणून त्या संचात काय असावे याचा विचार येथील कारागिरांनी अधिक आस्थेने करावयास हवा. कामट्या, ताव, दोरा आणि मराठीत लिहिलेली सोपी कृती एवढे पुरे आहे; उरलेले त्या मुलाने तेथील पानगळीतून, तेथील वर्तमानपत्रातून, तेथील बर्फातून उचलावे.

कारण खरा संच भोवतालात असतो, हे आपल्याकडील शिक्षणतज्ज्ञांनी कधीच सांगून ठेवले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि अनुताई वाघांसह ते पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर नेले; तेथे परदेशी बनावटीची महागडी साधने परवडणारी नव्हती आणि वारली मुलांना ती आपलीही वाटली नसती, म्हणून बिया, शिंपले, पाने, माती, काड्या यांतूनच साधनांचा सरंजाम उभा राहिला. याच पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा हे, हस्तव्यवसायाला शिक्षणाचे माध्यम मानणारी योजना आखण्यासाठी १९३७ साली नेमलेल्या झाकिर हुसेन समितीचे सदस्य होते. पुण्यात अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, टाकाऊ नळ्या आणि जुने कागद यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखविली, ती याच वाटेवरची. तेव्हा दुकानातून काही आणण्यापूर्वी घरातला एखादा बिस्किटांचा डबा रिकामा करावा, त्यात कात्री, खळीची वाटी, दोरा, जुन्या लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची फाटलेली मुखपृष्ठे आणि बेगडाचे तुकडे साठवीत जावे. सुट्टी लागेपर्यंत डबा भरतो.

धरमतरच्या आसपास राहणाऱ्या मुलाच्या वहीत काय काय येऊ शकेल, याचा विचार करू लागलो की पाने अपुरी वाटतात. खारेपाटातील भात दिवाळीच्या सुमारास कापणीस येते. त्याची एक लोंबी दाबून वाळवून लावावी आणि खाली वाणाचे नाव आजोबांना विचारून लिहावे. खाडीच्या कडेच्या तिवराचे पान जवळून पाहावे. मुळांतून शोषलेल्या खाऱ्या पाण्यातील मीठ ते पानावाटे बाहेर टाकते, आणि कोरड्या दिवसांत त्या मिठाचे बारीक कण पानावर चमकताना दिसतात. ते पान वहीत लावले तर पेणच्या मिठागरांची कथा त्याच पानाशेजारी लिहिता येते. नवरात्रानंतर रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, आणि तिला सशस्त्र पोलिसांची मानवंदना दिली जाते. तिचे छायाचित्र मिळाले नाही तर मुलाने तिचे चित्र स्वतः काढावे. दिवाळीच्या किल्ल्याचा आराखडा तर वहीत असलाच पाहिजे, आणि दरसाल रायगड-प्रतापगडच करण्याऐवजी एखाद्या वर्षी पेणजवळचा सांकशी किंवा रोह्याजवळचा अवचितगड करावा. आपल्या उंबरठ्यासमोरच्या डोंगराचे नाव मुलांना ठाऊक नसावे, हे काही भूषणावह नाही. संक्रांतीस पूर्वी हलव्याचे चार दाणे घालून तिळगुळाची छोटी रंगीत कार्डे टपालाने जात असत. कोणाच्या जुन्या ट्रंकेत ती असतील, तर ती मागून घ्यावीत.

आता जपणुकीचे दोन शब्द. कोकणच्या दमट हवेत कागद टिकविणे सोपे नाही. गव्हाच्या किंवा मैद्याच्या पिठाची खळ करताना पीठ आधी थंड पाण्यात गाठी मोडून कालवावे, मग मंद आचेवर सतत ढवळीत ते पारदर्शक होईपर्यंत शिजवावे, आणि लावताना पातळ लावावे. जाड खळ म्हणजे बुरशीला आणि कसरीला आमंत्रण. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत, पण ते विषारी आहे, मुलांच्या हातच्या कामात त्याचे काम नाही. गणपतीच्या दिवसांत डकविलेले पान पावसाळी हवेमुळे दोन दोन दिवस ओले राहते, म्हणून मध्ये कोरा शोषक कागद घालून वजनाखाली ठेवावे. दिवाळीच्या सुट्टीत पाऊस सरलेला आणि ऊन कडक असते, तेव्हा हेच काम घटकाभरात वाळते, आणि वर्षाची वही जमविण्यास हीच सुट्टी सर्वांत सोयीची. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातील लिग्निनमुळे तो लवकर पिवळा पडून तुटू लागतो. महत्त्वाचे कात्रण असेल तर त्याची छायाप्रत लावावी. वहीसाठी हातकागद मिळाला तर उत्तम. जुन्नर आणि दौलताबादजवळचा कागजीपुरा यांची जुनी परंपरा, आणि पुण्यात १९४० साली निघालेली हातकागद संस्था, यांच्या मागे चिंध्यांच्या तंतूंपासून कागद करण्याचे जे ज्ञान आहे, त्यामुळे असा कागद दीर्घकाळ टिकतो. पाने डकवून वही फुगते आणि शिवण तुटते. तसे होऊ नये म्हणून वही शिवतानाच दर दोन पानांमध्ये शिवणीलगत जाड कागदाची बोटभर रुंद पट्टी घालून घ्यावी. उन्हाळ्यात वही एकदा उलगडून सावलीत वाऱ्यावर ठेवावी, आणि तिच्यात कडुनिंबाची वाळलेली पाने घालावीत.

आपल्याकडे शाळाशाळांतून हस्तलिखित मासिके निघत, आणि १९०६ पासून वा. गो. आपट्यांच्या ‘आनंद’ने, १९७१ पासून बालभारतीच्या ‘किशोर’ने मुलांच्या वाचनाची आणि करमणुकीची तरतूद केली; कागदकामाची मात्र कोणी नोंद ठेवली नाही. कंदील तुळशीच्या लग्नानंतर उतरतो, मखर मोडते, पताका पावसात विरतात, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पेण, रोहे, नागोठणे, पोयनाड येथील वाचनालयांच्या चालकांना आणि शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे, की येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस ठरवून गावातील मुलांच्या चिकटवह्या वाचनालयाच्या मेजावर मांडाव्यात, त्यांना नंबर अथवा बक्षिसे देण्याच्या भरीस पडू नये, आणि मुलाची व पालकांची संमती असेल तर दरसाल त्यांतील एखादी वही वाचनालयाच्या दप्तरी रीतसर नोंद करून जपून ठेवावी.